सर्वांना वाचता येणारे पान

स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेवर, जिनीव्हा नगराजवळ, सर्न नावाची एक थोर प्रयोगशाळा आहे. अणूच्या गर्भातील कणांचा शोध घेण्यासाठी देशोदेशींचे हजारो शास्त्रज्ञ तेथे येतात, काही काळ राहतात आणि आपापल्या देशी परततात. १९८० नंतरच्या दशकात या शास्त्रज्ञांपुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. संगणक बहुतेकांजवळ होता; परंतु एकाचा संगणक एका कंपनीचा, तर दुसऱ्याचा दुसऱ्या कंपनीचा. एकावर लिहून ठेवलेले टिपण दुसऱ्यावर उघडत नसे. ज्ञान होते, ते लिहूनही ठेवलेले होते. मात्र शेजारच्या खोलीतील माणसाला ते वाचता येत नव्हते.

त्या वेळी टिम बर्नर्स-ली हे इंग्रज संगणकतज्ज्ञ सर्नमध्ये काम करीत होते. मार्च १९८९ मध्ये त्यांनी आपल्या वरिष्ठांपुढे एक योजना मांडली आणि १९९० च्या अखेरीस ती प्रत्यक्षात उतरवून दाखविली. सर्वांनी एकाच जातीचा संगणक वापरावा असा आग्रह त्यांनी धरला नाही. तसा आग्रह कोणी मानलाही नसता. संगणक भिन्न राहोत, परंतु त्यांच्यातील देवाणघेवाणीचे थोडे नियम समान असावेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. प्रत्येक पानाला एक पत्ता असावा. त्या पत्त्यावरून पान मागविण्याची व पाठविण्याची एक ठरीव रीत असावी. आणि पान लिहिण्यासाठी खुणांची एक भाषा असावी. या तीन गोष्टींच्या पायावर आज जगातील सारी संकेतस्थळे उभी आहेत. खुणांच्या त्या भाषेस एचटीएमएल हे नाव मिळाले. आणि पान मागवून, त्यातील खुणांचा अर्थ लावून, ते वाचकाच्या डोळ्यांसमोर मांडणाऱ्या साधनास ब्राउझर म्हणू लागले. मराठीत काही जण त्यास न्याहाळक असेही म्हणतात.

या भाषेचे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. ‘हे शीर्षक आहे’, ‘हा परिच्छेद आहे’, ‘येथून अमुक पानाकडे जाता येते’ एवढेच पान सांगते. शीर्षक किती मोठ्या अक्षरांत दाखवावे, ओळ कोठे मोडावी, हे ठरविण्याचे काम प्रारंभी ब्राउझरकडेच होते. एकच नाटक शहरातील भव्य रंगमंदिरात होते आणि एखाद्या खेड्यात देवळापुढील मांडवातही होते. पडदे आणि दिवे बदलतात, संवाद बदलत नाहीत. तसाच हा प्रकार. पहिला ब्राउझर नेक्स्ट नावाच्या महागड्या संगणकावर चालत असे, आणि असा संगणक फारच थोड्यांजवळ होता. म्हणून १९९१ मध्ये निकोला पेलो या विद्यार्थिनीने साध्यातल्या साध्या यंत्रावर चालेल असा दुसरा ब्राउझर तयार केला. त्यात चित्र नव्हते, रंग नव्हता, माउसचा उपयोग नव्हता. अक्षरांच्या ओळी तेवढ्या एकीखाली एक उमटत. दुव्यापुढे क्रमांक दिसे आणि तो क्रमांक टंकित केला की दुसरे पान येई. दिसण्यात या दोन ब्राउझरांमध्ये जमीनअस्मानाचे अंतर होते. पान मात्र तेच होते, आणि दोन्हींकडे ते पुरतेपणी वाचता येत होते.

३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हा सारा शोध जगास विनामूल्य खुला केला. कोणाकडूनही मानधन नाही, कोणास परवान्याची अट नाही. ज्याला ब्राउझर तयार करावयाचा असेल त्याने तो करावा, अशी जणू मुभाच मिळाली, आणि ती मुभा अनेकांनी घेतली.

त्यांत अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना हे दोघे तरुण सर्वांत पुढे गेले. १९९३ मध्ये त्यांचा मोझेक नावाचा ब्राउझर प्रसिद्ध झाला. पानावर अक्षरांच्या सोबतीने चित्र कसे दाखवावे, हा प्रश्न तेव्हा चर्चेत होता. अँड्रीसन यांनी त्यासाठी एक नवी खूण सुचविली. इतर जाणकारांनी, खुद्द बर्नर्स-ली यांनीही, निराळ्या रीती सुचविल्या. चर्चा पुरी होण्याची वाट न पाहता मोझेकने आपली खूण वापरात आणली. लोकांना चित्रे आवडली आणि तीच खूण पुढे सर्वमान्य झाली. लाभ मोठा झाला, यात शंका नाही. पण ‘आधी करून टाकावे, नियम मागून येईलच’ ही सवयही तेथेच लागली, आणि तिची किंमत पुढे पुष्कळांना मोजावी लागली.

हा धोका बर्नर्स-ली यांना दिसत होता. ऑक्टोबर १९९४ मध्ये त्यांनी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था स्थापन केली. वेबचे नियम सर्वांच्या विचाराने ठरवावेत आणि लिहून प्रसिद्ध करावेत, हे तिचे कार्य. अशा नियमांस मानके म्हणतात. भारतात १९५६ चा वजनमापांचा कायदा होऊन दशमान पद्धती रूढ होईपर्यंत निरनिराळ्या प्रांतांत शेराचे वजन निरनिराळे असे, आणि परगावचा माल घेणाऱ्यास आधी शेराचीच चौकशी करावी लागे. मानकाने ती चौकशी संपते. तथापि बाजारातील मापे तपासण्यास सरकारी निरीक्षक असतो. वेबला निरीक्षक नाही. ही संस्था आपल्या नियमांना आज्ञा म्हणत नाही, ‘शिफारस’ म्हणते. ब्राउझर करणाऱ्याने ती मानली तर मानली.

आणि बराच काळ ती मानली गेली नाही. अँड्रीसन यांच्या नव्या कंपनीचा नेटस्केप नॅव्हिगेटर हा ब्राउझर डिसेंबर १९९४ मध्ये आला आणि अल्पावधीत बहुतेक सर्व वाचकांच्या संगणकांवर जाऊन बसला. ऑगस्ट १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्ट या बलाढ्य कंपनीने इंटरनेट एक्सप्लोरर आणला आणि पुढे तो आपल्या विंडोज प्रणालीबरोबर फुकट देण्यास आरंभ केला. दोघांत जी चढाओढ लागली, तिला लोक ब्राउझर-युद्ध म्हणू लागले. एकाने अक्षरे उघडझाप करणारी खूण काढली, तर दुसऱ्याने अक्षरे पडद्यावरून सरकत नेणारी खूण काढली. हा खेळ पोरकट होता. परंतु त्याबरोबर अधिक महत्त्वाच्या गोष्टीही दोहोंकडे दोन रीतींनी होऊ लागल्या. ‘हे पान अमुक ब्राउझरमध्येच नीट दिसेल’ अशा सूचना पानांच्या तळाशी झळकू लागल्या. सर्नमध्ये जी अडचण दूर करण्यासाठी वेबचा जन्म झाला, तीच अडचण आता जगभर पसरली.

या काळाची एक गमतीची खूण आजही शिल्लक आहे. पान मागविताना प्रत्येक ब्राउझर आपले नाव सांगतो. नेटस्केपचे टोपणनाव मोझिला होते. काही संकेतस्थळे हे नाव ऐकले तरच आपले उत्तम पान देत, एरवी साधे पान पुढे करीत. उत्तम पान मिळावे म्हणून इंटरनेट एक्सप्लोररही आपण मोझिलाच असल्याचे सांगू लागला. पुढे जो जो नवा ब्राउझर आला, त्याला त्याच कारणाने आधीच्यांची नावे घ्यावी लागली. आज गूगलचा क्रोम पान मागतो तेव्हा तो प्रथम मोझिला म्हणवितो, मग ॲपलच्या यंत्रणेचे नाव घेतो, मग आणखी दोघांसारखे असल्याचे सांगतो, त्यानंतर कोठे स्वतःचे नाव उच्चारतो, आणि अखेरीस पुन्हा सफारीचे नाव जोडतो. एखाद्याने पाहुणचारासाठी चार घराण्यांची आडनावे लावून हिंडावे, तसा हा प्रकार!

नियम भिन्न असल्याने नेमकी हानी कशी होते, हे एका साध्या गणिताने कळते. पानाचे रूप कसे असावे हे सांगणारी सीएसएस नावाची एक स्वतंत्र भाषा आहे. तिचे पहिले मानक डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. पानावर एक चौकट काढावयाची आहे असे समजा. तिची रुंदी ३०० ठिपके सांगितली आहे. आतील मजकूर कडेला टेकू नये म्हणून दोन्ही बाजूंस २० ठिपक्यांची मोकळी जागा ठेवली आहे, आणि दोन्ही बाजूंची रेघ ५ ठिपके जाड आहे. मानकाप्रमाणे ३०० ही केवळ मजकुराची रुंदी. तीत मोकळी जागा ४० आणि रेघा १० मिळविल्या की चौकट बाहेरून ३५० ठिपके भरते. इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीने मात्र विंडोजवर ३०० ही बाहेरची रुंदी धरली. त्यामुळे मजकुराला उरले २५०. एकाच वाक्याचे दोन अर्थ झाले आणि दोहोंत ५० ठिपक्यांचा फरक पडला. शेजारी शेजारी तीन स्तंभ मांडलेले पान एका ब्राउझरात सुबक दिसे, तर दुसऱ्यात तिसरा स्तंभ जागा न पुरल्याने घसरून खाली जाई. हा दुसरा अर्थ काही निर्बुद्ध नव्हता. पेटीची रुंदी बाहेरूनच मोजावी असे कोणासही वाटेल. पण दोहोंपैकी कोणता अर्थ अधिक शहाणपणाचा, हा येथे प्रश्नच नव्हता. सर्वांनी एकच अर्थ धरणे, याला महत्त्व होते.

मराठी वाचकाला या फाटाफुटीची झळ अधिकच लागली. इंग्रजी पान वाकडेतिकडे दिसले तरी वाचता येई. मराठी पान मुळी वाचताच येत नसे. प्रत्येक अक्षरास संगणकात एक क्रमांक असतो. देवनागरी अक्षरांचे क्रमांक युनिकोड या जागतिक मानकात १९९१ मध्येच ठरले होते. ‘क’ला २३२५, ‘म’ला २३५०, याप्रमाणे. परंतु त्या क्रमांकांवरून जोडाक्षरे जुळवून दाखविण्याची सोय पुढे कित्येक वर्षे सामान्य संगणकांत नव्हती. विंडोजमध्ये ती २००० साली आली. तोवर मराठी संकेतस्थळे एक युक्ती करीत. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेला टंक ती तयार करीत. तो टंक वाचकाजवळ असेल तर मराठी दिसे. नसेल तर रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसे. एका प्रकाशकाचा टंक दुसऱ्याच्या पानास चालत नसे. पानाबरोबर टंक आपोआप पाठविण्याची सोय निघाली, तीही दोन प्रकारची: एक मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरसाठी, एक नेटस्केपसाठी. अशा पानांत शब्द शोधता येत नसे, कारण संगणकाच्या दृष्टीने तेथे मराठी शब्द नव्हताच. पान मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या साधनावर ज्या अंध वाचकांची भिस्त असते, त्यांना तर त्याचा काहीच उपयोग नव्हता.

युनिकोडचा स्वीकार झाल्यावर हे चित्र पालटले. २००३ मध्ये मराठी विकिपीडियाचा प्रारंभ झाला तो याच मानकावर. तरीही ब्राउझरचे काम सोपे नाही. ‘कि’ हे अक्षर साठविताना आधी क आणि मग वेलांटी असा क्रम असतो. दाखविताना मात्र वेलांटी आधी काढावी लागते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांत एका रफाराचा काय तो भेद. परंतु तो भेद चुकला तर स्वयंपाक्यांस दिलेले निमंत्रण गुरुजनांकडे जाईल. हा भेद युनिकोडने निराळ्या ‘ऱ’च्या योगे राखला आहे. ‘ॲ’ हे अक्षर तर २००८ मध्ये या मानकात आले. त्यापूर्वी लोक ‘अ’वर अर्धचंद्र देऊन भागवीत, आणि म्हणून जुन्या पानांतील व नव्या पानांतील तो शब्द डोळ्यांना सारखा दिसला तरी संगणकाच्या शोधात सारखा ठरेलच असे नाही.

सबंध राष्ट्रच एका ब्राउझरला बांधले गेल्याचे उदाहरण दक्षिण कोरियात घडले. १९९० नंतरच्या दशकात भक्कम कुलूपबंद संदेशवहनाची साधने परदेशी पाठविण्यास अमेरिकेच्या कायद्याची बंधने होती. कोरियास आपल्या बँकांचे व्यवहार सुरक्षित हवे होते. म्हणून तेथील तज्ज्ञांनी १९९८ च्या सुमारास सीड नावाची स्वतःची सांकेतिक पद्धती तयार केली. ती उत्तम होती. परंतु कोणत्याच ब्राउझरला ती ठाऊक नव्हती. तेव्हा इंटरनेट एक्सप्लोररला जोडता येणाऱ्या ॲक्टिव्हएक्स नावाच्या पुरवणीतून ती चालविण्यात आली. ही पुरवणी विंडोज आणि इंटरनेट एक्सप्लोरर यांवाचून चालत नसे. बँकेचा व्यवहार, खरेदी, सरकारी दाखला, सर्वांसाठी तीच लागे. अमेरिकेचे निर्बंध २००० साली सैल झाले. मूळ कारण नाहीसे झाले, पण सवय राहिली. इतर संगणक बाळगणाऱ्या नागरिकाला घरबसल्या आपल्याच पैशांचा व्यवहार करता येईना. २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांनी जाहीरपणे तक्रार केली की, दूरदर्शनवरील एका कोरियन मालिकेतील नायिकेचा कोट चिनी प्रेक्षकांना विकत घ्यावयाचा होता, पण या बंधनांपायी त्यांना तो घेता आला नाही. एवढे होऊनही ती जुनी प्रमाणपत्र-पद्धती पुरती मोडण्यास डिसेंबर २०२० उजाडले. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररला निवृत्त केले, तेव्हा कोरियातील ग्योंगजू शहरी एका गृहस्थाने त्याच्या स्मरणार्थ चक्क समाधीशिला बसविली. दुसरे ब्राउझर उतरवून घेण्यास हे साधन चांगले होते, अशा अर्थाचा लेख तीवर कोरलेला होता.

ब्राउझर-युद्धाचा निकाल मायक्रोसॉफ्टच्या बाजूने लागला होता. २००१ मध्ये त्याची सहावी आवृत्ती निघाली आणि पुढील काही वर्षांत जगातील शंभरांपैकी नव्वदांहून अधिक वाचक त्याच ब्राउझरने वाचू लागले. एकच ब्राउझर राहिला म्हणजे भिन्नतेचा प्रश्न मिटलाच, असे कोणी म्हणेल. प्रत्यक्षात निराळेच झाले. प्रतिस्पर्धी उरला नाही, म्हणून सातवी आवृत्ती काढण्यास कंपनीने पाच वर्षे घेतली. त्या अवधीत जुन्या चुका तशाच राहिल्या, आणि जगभरचे पाने रचणारे त्या चुकांना धरूनच पाने रचीत राहिले.

सुधारणा घडविली ती कायद्याने कमी आणि कारागिरांच्या चिकाटीने अधिक. १९९८ मध्ये काही पाने रचणाऱ्यांनी एकत्र येऊन मानकांच्या प्रचारासाठी एक मंडळ काढले. या मंडळाने एप्रिल २००५ मध्ये ॲसिड-टू नावाचे एक परीक्षापत्र प्रसिद्ध केले. ते एक पान होते. ब्राउझरने सर्व मानके अचूक पाळली तर त्या पानावर एक हसरा पिवळा चेहरा उमटे. कोठे चुकले तर नाक सरके, डोळे फाटत किंवा सारा चेहरा लाल रेघांत विस्कटून जाई. जे शेकडो पानांच्या नियमपुस्तकातून सामान्य माणसास कळले नसते, ते एका दृष्टिक्षेपात कळू लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस ॲपलच्या सफारीच्या कर्त्यांनी तो चेहरा बरोबर काढून दाखविला. इंटरनेट एक्सप्लोररला तो २००९ साली, आठव्या आवृत्तीत साधला. दरम्यान, नेटस्केपने १९९८ मध्ये खुल्या केलेल्या आज्ञावलीतून फायरफॉक्स जन्मास आला आणि नोव्हेंबर २००४ पासून तो वाचकांची मने जिंकू लागला होता.

जुन्या पानांचे काय करावे, हा नाजूक प्रश्न होता. ब्राउझर एकाएकी शुद्ध वागू लागला तर चुकांवर बेतलेली लक्षावधी पाने मोडली असती. त्यावर तोडगा निघाला तो असा: पानाच्या अगदी आरंभी योग्य ती एक ओळ असेल, तर ब्राउझरने नियमाप्रमाणे वागावे, नसेल, तर पान जुने आहे असे समजून जुन्या चुकांसह दाखवावे. मॅकिंटॉश संगणकासाठी २००० साली निघालेल्या इंटरनेट एक्सप्लोररने हा मार्ग घालून दिला आणि पुढे सर्वांनी तो स्वीकारला. शुद्धतेचा आग्रह धरतानाही जुन्या लेखनावर अन्याय होऊ न देण्याची ही दृष्टी खरोखर वाखाणण्याजोगी आहे.

आज ब्राउझरांची नावे पुष्कळ आहेत. परंतु आत डोकावले तर मुख्य यंत्रणा तीनच आढळतात. क्रोम, मायक्रोसॉफ्टचा एज आणि ऑपेरा यांच्या आत ब्लिंक आहे, सफारीत वेबकिट, फायरफॉक्समध्ये गेको. ब्लिंक ही २०१३ मध्ये वेबकिटमधूनच फुटून निघालेली शाखा आहे. एजची स्वतःची यंत्रणा होती. २०२० च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने ती सोडून गूगलची स्वीकारली. दाखविण्याच्या अचूकतेत या तिघींत आता पूर्वीइतके अंतर राहिलेले नाही. २०२२ पासून त्यांचे कर्ते दरवर्षी एकत्र बसून कोणते नियम कोठे भिन्न रीतीने पाळले जातात ते निवडतात आणि एकाच कसोटीवर आपापले गुण जाहीर करतात. एकेकाळच्या वैऱ्यांनी एकमेकांच्या प्रगतिपुस्तकावर सही करावी, असा हा विलक्षण बदल आहे. भेद उरला आहे तो अन्य बाबतींत. वाचक कोठे कोठे हिंडतो याचा माग ठेवणाऱ्यांना सफारी आणि फायरफॉक्स मुळातच बरेच अडवितात. फायरफॉक्सच्या मागे नफ्यासाठी नसलेली संस्था आहे. क्रोमचा वेग आणि सोयी मोठ्या. पण त्याचा मालक जाहिरातींवर जगणारा आहे, हे विसरून चालत नाही. शिवाय जगातील निम्म्याहून पुष्कळ अधिक वाचक आज क्रोमनेच वाचतात, आणि ‘क्रोममध्ये चालते ना, मग पुरे’ असे म्हणणारे रचनाकार पुन्हा दिसू लागले आहेत.

२०१३ मध्ये सर्नने वेबचे पहिले पान त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवले. मजकूर १९९२ च्या प्रतीतला आहे. ते पान रचले गेले तेव्हा खिशात मावणाऱ्या दूरध्वनीत ब्राउझर नव्हता. आज तशा दूरध्वनीवर, कोणत्याही ब्राउझरमध्ये, ते पान उघडते. शीर्षक शीर्षकासारखे दिसते आणि दुव्यावर बोट ठेवले की पुढचे पान येते. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी, एकेका टंकावर विसंबून रचलेली मराठी पाने जेथे जपून ठेवलेली आहेत, तेथे ती उघडली असता रोमन अक्षरांच्या निरर्थक रांगा दिसतात.

स्वाध्याय

१. निकोला पेलो हिचा ब्राउझर आणि पहिला ब्राउझर यांत कोणते साम्य व कोणता भेद होता?

२. चौकटीची रुंदी ४०० ठिपके, प्रत्येक बाजूची मोकळी जागा ३० ठिपके आणि प्रत्येक बाजूची रेघ १० ठिपके आहे. मानकाप्रमाणे बाहेरची रुंदी किती होईल? जुन्या इंटरनेट एक्सप्लोररप्रमाणे मजकुरास किती जागा उरेल?

३. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ यांसारख्या शब्दांच्या आणखी दोन जोड्या लिहून त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

४. दक्षिण कोरियाने सांकेतिक पद्धती स्वतः तयार केली, यात चूक झाली की नाही? पाठाच्या आधारे आपले मत मांडा.